साखळीचं पुढचं टोक

ही घटना खरी आहे. माझ्या डोळ्यांदेखत घडलेली.

आता आमच्या काउंटीत कुणालाही विचारा, "ट्वायला मॅब्री खरं बोलते का हो?"

पोट धरून हसतील.

ती ट्वायला म्हणजे मीच. वय बावन्न. शाळेची बस चालवते. शेरीफच्या गाडीत मागच्या सीटवर जिवंत टर्कीला पट्टा लावून बसवणारी मीच. माझ्या भावाच्या, लॉनीच्या फोनवर नकाशातली बनावट खूण पाठवणारीही मीच. "बारा टोकांच्या शिंगांचा हरणाचा नर. रोज सकाळी इथेच येतो." बिचारा दिवसभर थंडीत दबा धरून बसला. कुठे? तर गावच्या सांडपाण्याच्या तळ्याकाठी.

तर अशी मी. म्हणूनच सांगते, ही गोष्ट मी रचलेली नाही. रचली असती तर याहून झकास रचली असती. निदान शेवट तरी केला असता.

याला शेवटच नाहीये...

आणखी एक. माझी बोटं जाडी आहेत, म्हणून मी हे फोनला बोलून सांगतेय आणि तो टाइप करतोय. तोंडातून निघेल ते सगळं उमटणार. मधेच भलतं काही उमटलं तर दचकू नका. का, ते पुढे कळेल.

जागा, मिसुरीतले ओझार्कचे डोंगर. त्यातलं कॉफेल्टचं खोरं.

वेळ, नोव्हेंबर. हरणांच्या हंगामाचा पहिला शनिवार.

रात्र? छे. दुपार कलली होती, इतकंच. भुतांना घड्याळ कुणी बांधलंय?

खोऱ्याच्या तोंडाशी माझ्या ओपल मावशीचं घर. मावशी एकटी राहते. तिचा नवरा, हर्शेल काका, या घटनेच्या दोन वर्षं आधी गेले.

काकांना एक खोड होती.

जेवता जेवता, चर्चमध्ये प्रार्थना चालू असताना, एकदा तर माझ्या लग्नात, ते मधेच थांबायचे. मान खिडकीकडे वळायची. आणि अगदी हळू आवाजात म्हणायचे...

"रोवली."

मग पुन्हा घास तोंडात. जसं काही झालंच नाही.

तरुणपणी काका जमीन मोजणाऱ्यांच्या टोळीत साखळी ओढायचे. तेव्हा मोजणी लोखंडी साखळीनं व्हायची. मागचा माणूस एक टोक धरून उभा राहायचा, पुढचा दुसरं टोक ओढत रानातून सरळ चालत जायचा. साखळी ताणली की मागचा ओरडायचा, "रोव!" पुढचा तिथे खुंटी रोवायचा आणि ओरडून सांगायचा, "रोवली!" मग दोघं पुढे निघायचे.

काका पुढचे.

आम्हाला वाटायचं जुन्या कामाची सवय राहिली असेल. आम्ही पोरं त्यांची नक्कल करायचो. सगळ्यांत हुबेहूब मी. मावशी आयुष्यात माझ्यावर एकदाच खरी चिडली, ती या नकलेवरून.

"ट्वायला! दुसरं वाट्टेल ते कर. ते नाही."

काका गेले तेही विचित्र. सकाळी घराच्या पायरीवर बसलेले सापडले. तोंड रानाकडे. उजवी मूठ घट्ट वळलेली. प्रेत तयार करणाऱ्या माणसाला ती काही केल्या उघडता आली नाही. तशीच पुरली.

त्यानंतर शेजारची प्रुइट कुटुंबाची जमीन विकली गेली. घेणारा सेंट लुईसचा. ट्रेंट ॲकर्ली. चाळिशीचा, कोरलेली दाढी, बूट इतके स्वच्छ की हरणांनी लाजून पळावं. आणि हातात कायम फोन.

फोन आमच्याकडेही आहेत हो. ते शिकारीचं ॲप इथे झाडून सगळ्यांकडे असतं. नकाशावर प्रत्येकाच्या जमिनीची लाल रेघ. रेघेच्या आत मालकाचं नाव. आणि आपण कुठे उभे आहोत तो निळा ठिपका. जखमी हरीण दुसऱ्याच्या रानात पळालं की आधी नकाशात नाव बघायचं, मग त्याच्या दारात टोपी काढून उभं राहायचं. "येऊ का आत?" इतकं सोपं.

पण ती रेघ खरी नसते. कराच्या नकाशावरून ढोबळ मारलेली असते. ॲप स्वतःच तसं सांगतं, बारीक अक्षरांत. ते कोण वाचतंय?

ट्रेंटनं ती रेघ काळ्या दगडावरची मानली.

फोन हातात धरून निळ्या ठिपक्यामागे चालत गेला आणि झाडाझाडाला जांभळा रंग फासत सुटला. आमच्याकडे जांभळा पट्टा म्हणजे 'आत पाय टाकू नका'. वेगळी पाटी लागत नाही.

शेवटचा पट्टा त्यानं फासला हर्शेल काकांच्या पांढऱ्या ओकच्या झाडावर.

त्या ओकवर काकांनी बांधलेलं मचाण. मुळाशी झरा. झऱ्यातून निघालेली नळी थेट मावशीच्या स्वयंपाकघरात. तिला दुसरं पाणी नाही.

आणि सोमवारी बुलडोझर येणार होता. कुंपणासाठी रेघ साफ करायची. मधे ओक आला तर ओक जाणार. मुळं उपटली की झराही गाडला जाणार.

मावशी त्याला नीट बोलली. भोपळ्याचा केकही घरी करून देत होती.

"हद्दीच्या कोपऱ्याचा दगड ओकच्या पलीकडे आहे, बेटा. वर फुली कोरलेली. हर्शेलनं बघितलाय."

"मग दाखवा. दगड दिसला तर मी थांबतो."

"मला जागा माहीत नाही."

"मला माहीत आहे," असं म्हणून त्यानं फोन दाखवला.

मोजणीवाला मार्चशिवाय मोकळा नव्हता. शुक्रवारी मी आणि लॉनीनं पलीकडची सीडरची झाडी दिवसभर विंचरली. पानं, काटे, एक साप, लॉनीची हरवलेली टोपी. दगड नाही.

म्हणून शनिवारी मी ठरवलं.

बसायचंच. काकांच्या मचाणावर. जांभळ्या पट्ट्याच्या बरोब्बर वर. अंगात भडक नारिंगी जॅकेट, म्हणजे डोंगरापलीकडून दिसावं. सोबत रायफल, मावशीची बिस्किटं आणि थर्मासभर हरणाच्या मटणाची तिखट चिली. बुलडोझर येवो नाहीतर रणगाडा. मी उतरणार नव्हते.

दुपार कलल्यावर ट्रेंट आला.

"बाई, खाली उतरा."

"बाई कुठली? मी खार आहे."

"विनोद नकोय मला. तुम्ही माझ्या जागेत आहात."

"जागेत तू उभा आहेस, बाळा. मी झाडात आहे."

"झाड माझ्या जागेत आहे!" त्यानं फोन वर धरला. "हा बघा मी. ही रेघ. अजून काय पुरावा पाहिजे?"

"इतक्या वरून दिसत नाही रे. चष्मा घरी राहिला."

"शेरीफला बोलावतो."

"बोलाव की. टर्कीची चौकशी करेल बिचारा."

तो लाल झाला. मग जरा नरमाईनं म्हणाला, "हे बघा, तुमच्या मावशीला मी बोअर मारून देतो म्हणालोय. मी काही राक्षस नाही."

"ती लग्न होऊन आली त्या दिवशी या झऱ्याचं पाणी प्याली. अजून तेच पिते. तुझी बोअर तुला लखलाभ."

"मग सोमवारी भेटू," तो म्हणाला आणि वळला.

तेवढ्यात...

मला काहीतरी चुकल्यासारखं वाटलं.

पहिल्या शनिवारी आमचे डोंगर कधी गप्प नसतात. या टेकडीवर बंदुकीचा बार, त्या खोऱ्यात बार. दिवसभर. सणच तो.

बार थांबले होते.

सगळेच.

खारी वाळक्या पानांत खुडबुडतात, त्या नव्हत्या. कावळा नव्हता. वारा नव्हता.

मी खाली झऱ्याकडे बघितलं. पाणी वाहत होतं. दगडावरून उड्या मारताना दिसत होतं.

पण त्याचा आवाज येत नव्हता...

ट्रेंटही थांबला होता. मान तिरकी करून.

मग आलं ते.

खळ्ळ...

खळ्ळ... खळ्ळ...

वाळक्या पानांतून कुणीतरी लोखंड ओढत होतं.

खरं सांगू? मला आधी हसू आलं. साखळीचं भूत! इतकं जुनाट सोंग मीसुद्धा काढणार नाही.

"बंद करा हे," ट्रेंट म्हणाला.

"काय बंद करू?"

"तुमचंच कुणीतरी आहे तिकडे. गावात सांगितलंय मला तुमच्याबद्दल."

"लॉनी असता तर एव्हाना चार वेळा शिंकला असता."

मी वरून बघितलं. मला तिथून सगळा उतार दिसत होता.

पानं दुभंगत होती.

दोरी लावल्यासारखी सरळ रेघ. खालच्या रस्त्याकडून ओककडे येणारी. लांबलचक काहीतरी पानांतून सरपटत होतं. पुढे ओढणारं कुणी नव्हतं. मागेही कुणी नव्हतं.

रेघ थांबली.

आणि खालून, लांबून, हाक आली.

"रोऽऽव!"

पुरुषाचा आवाज. भेसूर वगैरे काही नाही. कामावरच्या माणसाचा, दमलेला, जरा कंटाळलेला आवाज. दिवसभर हेच ओरडत असावा तसा.

माझं हसू तिथेच संपलं.

हाकेला कुणी उत्तर दिलं नाही. थोडा वेळ वाट बघितल्यासारखं झालं... मग पुन्हा खळ्ळ... खळ्ळ... रेघ पुढे सरकली. ओकच्या बुंध्याला घासून. ट्रेंटच्या दोन बुटांच्या मधून.

तो जागचा हलला नाही. हलूच शकला नाही.

नंतर त्यानं फोनकडे बघितलं. आणि अगदी बारीक आवाजात म्हणाला, "मी... मी चालत नाहीये."

"दिसतंय की मला."

"नाही. हे बघा ना. मी चालत नाहीये."

मी उतरले. होय, उतरले. सोमवारपर्यंत उतरणार नव्हते ती मी.

त्याच्या फोनवर निळा ठिपका चालला होता.

ट्रेंट माझ्या शेजारी उभा होता आणि त्याचा ठिपका त्याला सोडून निघाला होता. सरळ. मग थांबला. त्याच क्षणी पुढच्या झाडीतली पानांची खसखस थांबली आणि मागून ती हाक आली, "रोऽऽव!" मग ठिपका पुन्हा पुढे. फोनातली लाल रेघ कधीच मागे पडली होती. तो सीडरच्या झाडीत शिरला. ट्रेंट ज्याला आपली जमीन म्हणत होता तिच्यात, बराच आत.

आणि तिथे उभा राहिला.

"चला इथून," ट्रेंट म्हणाला.

"चल तिकडे," मी म्हटलं.

तो आला. माझ्यावरच्या प्रेमानं नाही. एकटं मागे राहायची हिंमत नव्हती, म्हणून.

सीडरची झाडी दाट होती. सरळ बाण मारल्यासारखी ती दुभंगलेल्या पानांची रेघ आत गेली होती, आणि एका सडक्या खोडापाशी संपली होती. काल मी इथूनच, अगदी इथूनच दाताळं फिरवत गेले होते.

मी रायफल एका झाडाला टेकवून ठेवली. ते फार बरं केलं. बुटानं पानं बाजूला सारली.

दगड.

वर फुली.

कोरलेली, शेवाळ भरलेली, मावशी म्हणाली होती तश्शी फुली.

मी मोठ्यांदा हसले हो! भीती गेली खड्ड्यात. ओक आमचा. झरा आमचा. मला तिथेच नाचावंसं वाटलं.

"काय ट्रेंटसाहेब? 'दगड दिसला तर थांबतो', कोण म्हणालं होतं?"

त्यानं दगडाकडे बघितलं. आजूबाजूला बघितलं. मग माझ्याकडे.

"इथे आपण दोघंच आहोत," तो म्हणाला.

"मग?"

"मग तुम्ही गावात सांगाल, 'मी दगड बघितला.' तुम्ही. ट्वायला मॅब्री. कोण विश्वास ठेवणार?"

ते मला लागलं. कारण खरं होतं.

तो खाली बसला. दगडाच्या दोन्ही बाजूंना बोटं घातली आणि ओढला. मला वाटलं, इतक्या वर्षांचा दगड, काय हलतोय.

दगड हलला.

दातासारखा डुगडुगला.

"ट्रेंट, सोड तो."

"दगडच आहे बाई. रानात हजार आहेत."

खळ्ळ.

एकदाच. अगदी जवळ.

ट्रेंटच्या उजव्या घोट्यावरचं पँटचं कापड दबलं. गोल. बाहेरून काहीतरी गुंडाळून आवळल्यासारखं. मी बघत होते. तिथे काहीही नव्हतं... आणि कापड आवळत चाललं होतं.

"रोव."

आता आवाज लांबून आला नाही. ओरडूनही आला नाही. ट्रेंटच्या कानामागून आला.

त्यानं दगड सोडला.

"रोव!"

उत्तर नाही. त्याचा पाय मागे सरकला. पानांत फरफटत. त्यानं सीडरचं खोड मिठीत धरलं.

"रोव!!"

"काहीतरी करा!" ट्रेंट किंचाळला. "अहो, काहीतरी करा ना!"

आणि त्या क्षणी मला हर्शेल काका दिसले. म्हणजे खरे नाही. जेवणाच्या टेबलावरचे. खिडकीकडे वळलेली ती मान. मावशीचं ते 'ते नाही'.

मला कळलं. ती खोड नव्हती, सवयही नव्हती. कुणीतरी हाक मारत होतं आणि काका आयुष्यभर उत्तर देत होते. दोन वर्षांपासून उत्तर देणारं कुणी नव्हतं.

हेही कळलं की हे उत्तर एकदा देऊन संपणार नाही.

कुणी सांगितलं नाही मला. आतून कळलं.

पळता आलं असतं. रस्ता मोकळा होता. ट्रेंटचं काय व्हायचं ते होऊ दे. पण दगड अर्धा उपटलेला होता. तो निघाला की ओक गेला, झरा गेला, मावशीचा नळ गेला.

म्हटलं, मरू दे तिच्यायला.

दोन्ही पाय दगडावर ठेवले. सगळं वजन दिलं, आणि माझं वजन काही कमी नाही. दगड खाली बसला. आणि काकांच्या आवाजात, हुबेहूब, पण त्यांच्यासारखं हळू नाही, छाती फोडून ओरडले...

"रोवली! आणि रोवलेलीच राहील! कुणाच्या बापाला हलणार नाही!"

सगळं थांबलं.

ट्रेंटच्या घोट्यावरचं कापड सैल झालं.

मग पानांत खळ्ळ... खळ्ळ... साखळी वळली आणि टेकडीच्या अंगानं वर निघाली. सावकाश. काम झाल्यासारखी. आवाज बारीक होत होत गेला.

ठो!

पलीकडच्या खोऱ्यात कुणीतरी बार काढला. झरा खळखळायला लागला. एक खार माझ्यावर ओरडली.

ट्रेंट पळाला. फोन तिथेच पडला होता. सोन्यासारखा फोन. दुसऱ्या दिवशी मीच नेऊन दिला. पडद्यावर आधी लॉनीचा फोटो लावून.

सोमवारी बुलडोझर आला आणि ट्रेंटनंच तो तसाच परत पाठवला. मार्चमध्ये मोजणीवाल्यानं यंत्र लावलं. दगड बरोबर होता. ओक, झरा आणि सीडरचा तो तुकडा, सगळं मावशीचं. ट्रेंट तारेचा ब्रश घेऊन ओकवरचा जांभळा रंग घासत बसला. मी समोर खुर्ची टाकून कॉफी पीत बघितलं. हा आनंद मी कुणाला देणार नाही.

गावात म्हणाल तर सगळ्यांना वाटतं हे माझंच काम.

"काय सोंग काढलंस गं ट्वायला! साखळी कुठून आणलीस?"

"मी नव्हते," मी सांगते. ते आणखीनच हसतात.

ट्रेंट हसत नाही. तो मे महिन्यात माझ्याकडे आला, बस धूत होते तेव्हा. फोन पुढे केला.

"हे कसं करता तुम्ही? सांगा फक्त. तक्रार करणार नाही."

फोनवर नकाशा. आम्ही उभे होतो शाळेच्या आवारात. त्याचा निळा ठिपका होता सीडरच्या झाडीत, दगडावर.

"सेंट लुईसला असलो तरी तिथेच दाखवतो," तो म्हणाला. "नवीन फोन घेतला. त्यातही तेच."

मी नळी उचलली आणि पुन्हा बस धुवायला लागले.

त्या शनिवारची संध्याकाळ सांगायची राहिली.

मावशी भांडी विसळत होती. मी सगळं सांगितलं, हातवारे करून, ट्रेंटच्या किंचाळीसकट. ती हसेल असं वाटलं होतं. तिनं नळ बंद केला.

"तू उत्तर दिलंस?"

"दिलं."

"हात दाखव."

उजवी मूठ वळलेली होती. कधीपासून कुणास ठाऊक. मी एकेक बोट उलगडलं. तळव्यावर लाल गोल वळ. कडीचा. तो अजून आहे.

"हर्शेलनं याच टेबलावर मला असंच सांगितलं होतं," मावशी म्हणाली. "तेव्हा आमचं लग्न नुकतंच झालं होतं."

"कोण आहे तो, मावशी?"

"त्यालाही माहीत नव्हतं. म्हणायचा, मोजणी अजून संपली नाही, एवढंच."

मग तिनं नळ सोडला, ग्लास भरला आणि माझ्यापुढे ठेवला.

"पी. झऱ्याचं आहे."

आता मला ऐकू येतं.

बस चालवताना. दुकानात रांगेत. अंघोळीला. "रोऽऽव." बाकी कुणाला येत नाही. नवरा शेजारी घोरत असतो.

काका हळूच उत्तर द्यायचे. लाजायचे बिचारे. मी नाही लाजत. मी बोंबलते. बसमधली पोरं एकदा सगळी एका सुरात माझ्यामागून ओरडली, "रोवलीऽऽ!" मी करकचून ब्रेक दाबला आणि सगळ्यांना दम दिला. एखादी थट्टा मी स्वतः बंद पाडली, असं आयुष्यात पहिल्यांदा झालं.

एकदा हट्ट केला. म्हटलं, नाही देत उत्तर, काय करशील? दिवसभर हाका आल्या. मी दात आवळून गप्प.

संध्याकाळी मावशीचा फोन.

"ट्वायला... नळाला पाणी नाही गं."

तेव्हापासून देते. काका गेल्यावर दोन वर्षं साखळीचं टोक कुणाच्याच हातात नव्हतं, आता माझ्या हातात आहे.

पूर्वी आवाज टेकडीपलीकडून यायचा. आता रस्त्यापलीकडून येतो. जवळ येतोय, कळतंय मला. काका पायरीवर का बसले होते तेही कळतंय. पण मूठ आवळून वाट बघत बसणाऱ्यांतली मी नाही. येऊ दे समोर. साखळीचं टोक हातात घेईन आणि विचारेन, किती राहिलंय अजून? जेवणाची सुट्टी आहे का? पगार कोण देतं?

ओक उभा आहे. मावशी त्याच झऱ्याचं पाणी पिते. या शनिवारी हंगाम सुरू होतोय. मी त्याच मचाणावर बसणार आहे, रंगाचा डाग राहिलाय त्याच्या बरोब्बर वर, नारिंगी जॅकेट घालून. ज्याला बघायचंय त्यानं बघावं.

रोव

थांबा.

हे मी बोलले नाही. वर बघा. माझं तोंड बंद होतं.

हे फोननं टाइप केलंय.

म्हणजे... त्यालाही ऐकू आलं. इतक्या जवळून.

घरात मी एकटी आहे. खिडकी बंद आहे. झरा लांब आहे, पण रोज इथपर्यंत रस्त्यावरच्या गाड्या ऐकू येतात... आता येत नाहीयेत.

फरशीवर काहीतरी सरकतंय...

रोव

रोवली रे, रोवली! ओरडतोस काय, बहिरी आहे का मी?